गावच्या पाण्यातले औषधाला दाद न देणारे जंतू : विहिरीपासून हंड्यापर्यंत काय काय करायचं

ज्यांच्या गावाला विहिरीचं, बोअरचं नाहीतर छोट्या नळयोजनेचं पाणी येतं त्यांच्यासाठी हे लिहितोय. म्हणजे सरपंच, पाणीपुरवठा समितीतली मंडळी, जलसुरक्षक (गावच्या पाण्यात क्लोरीन टाकणारा ग्रामपंचायतीचा माणूस), आशाताई आणि ज्यांच्या घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस आहे ते सगळेच. टँकर घेणाऱ्या सोसायटीवाल्यांनाही यातलं बरंच लागू पडेल.

सगळ्यात आधी एक गैरसमज काढून टाकू. अँटिबायोटिकला दाद न देणारा जंतू क्लोरीनलाही दाद देत नाही, असं बऱ्याच जणांना वाटतं आणि मग लोक एकतर घाबरून महागडी मशीन घेतात नाहीतर आता काही उपयोगच नाही म्हणून सोडून देतात. तसं नाहीये. अँटिबायोटिक जंतूच्या एका ठरावीक जागी काम करतं, ती जागा जंतूने बदलली किंवा औषध तोडणारं एंझाइम बनवलं की औषध फुकट जातं. क्लोरीन मात्र जंतूचं आवरण, प्रोटीन, आतला डीएनए सगळ्यावर एकदम हल्ला करतो, उकळीचंही तेच. त्यामुळे नीट डोस आणि नीट वेळ दिला तर साधा ई. कोलाय (आतड्यातला, शौचातून पाण्यात येणारा जंतू) मरतो तसाच रेझिस्टंट, म्हणजे औषधाला दाद न देणारा ई. कोलायही मरतो.

मग वेगळी काळजी कशाला? कारण असा जंतू पोटात गेला आणि आजार झाला तर नेहमीची गोळी चालत नाही, मग इंजेक्शन, मग ॲडमिट, आणि बिल कुठल्या कुठे जातं. आणि दुसरं म्हणजे आजार झाला नाही तरी हे जंतू आतड्यात मुक्काम करतात आणि दाद न देण्याचा गुण ज्या जीनमध्ये असतो तो जीन शेजारच्या वेगळ्या जंतूलाही देऊन टाकतात. पुढे कधी लघवीचं इन्फेक्शन झालं, ऑपरेशन झालं, की तेव्हा ते अंगाशी येतं.

हे कागदावरचं भय नाही. २०१० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दिल्लीत सार्वजनिक नळाच्या पाण्याचे ५० नमुने आणि गल्लीबोळात साचलेल्या, झिरपलेल्या पाण्याचे १७१ नमुने तपासले गेले, त्यात नळाच्या २ आणि साचलेल्या पाण्याच्या ५१ नमुन्यांत एनडीएम-१ नावाचा जीन सापडला, २०११ मध्ये ते लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस या मासिकात छापून आलं. हा जीन असलेल्या जंतूवर कार्बापेनेमसारखी, आयसीयूत शेवटी शेवटी काढतात ती औषधं चालत नाहीत, आणि तिथे तो कॉलरा आणि आमांशाच्या जंतूतही मिळाला. पाकिस्तानातल्या सिंध-हैदराबादमध्ये २०१६ च्या शेवटी टायफॉइडची साथ सुरू झाली, तिच्यावर क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलिन, को-ट्रायमोक्साझोल, सिप्रोफ्लोक्सासिन आणि सेफ्ट्रायक्झोन सगळी फेल गेली, तोंडाने घ्यायचं अझिथ्रोमायसिन तेवढं उरलं. सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळणं हे तिथलं मोठं कारण मानलं गेलं. आपल्याकडे जानेवारी-फेब्रुवारी २०२५ मध्ये पुणे परिसरात, त्यातही सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात, जीबीएसचे (गुलियन-बॅरे सिंड्रोम, नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडतात तो आजार) संशयित रुग्ण २०० च्या वर गेले, काहींच्या शौचाच्या नमुन्यात कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जुलाब करणारा जंतू मिळाला आणि पाण्यावर संशय गेला. तो विषय रेझिस्टन्सचा नव्हता, पण वाट तीच. शौचातलं पाण्यात आणि पाण्यातलं पोटात.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की नवीन काही शोधायला जाऊ नका, जी कामं गावात होणं अपेक्षितच आहे ती रोज, न चुकता आणि मोजून करा. आता क्रमाने घेऊ.

पायरी १ : आधी पायी फिरून बघा

विहिरीभोवती किंवा बोअरभोवती साधारण ५० फुटांच्या आत काय काय आहे ते डोळ्यांनी बघायचं. शौचालयाचा शोषखड्डा, गोठा, उकिरडा, कोंबडीखताचा ढीग, गटार, कपडे धुण्याची जागा. विहिरीला कठडा आहे का, ओट्याला भेगा आहेत का, सांडलेलं पाणी परत आत जातं का, प्रत्येक जण आपापली बादली सोडतो का. हातपंप असेल तर चबुतऱ्याच्या फटीतून पाणी मुरतं का.

५० फूट हे अंतर आपल्या सह्याद्री-दख्खनच्या काळ्या पाषाणात पुरेसं असेलच असं नाही, हे मुद्दाम सांगतो. मातीतून पाणी हळूहळू गाळून जातं पण फुटलेल्या, भेगाळ खडकातून ते न गाळता सरळ पुढे पळतं. शोषखड्डा चढाला आणि विहीर उताराला असेल तर १०० फुटांवरूनही त्रास होऊ शकतो. जुन्या माणसांना विचारा, विहिरीला झरे कुठल्या अंगाने आहेत ते त्यांना माहीत असतं, त्या अंगाला शौचालय आलंय का ते बघा.

पाहणीला पहिल्या मोठ्या पावसानंतरचे दिवस सगळ्यात चांगले, कारण वरची सगळी घाण तेव्हाच आत येते. जलसुरक्षक आणि आरोग्यसेवक असतातच, पण रोज पाणी भरणाऱ्या एक-दोन बायकांना सोबत घ्याच, पाण्याला वास कधी आला, गढूळ कधी आलं ते त्यांच्याइतकं कुणालाच सांगता येत नाही. ग्रामपंचायतीला मिळणारं लाल, पिवळं, हिरवं कार्ड याच पाहणीतून येतं, लाल म्हणजे जोखीम जास्त. आपल्या गावाचं कार्ड कोणतं आणि कशामुळे, हा प्रश्न ग्रामपंचायतीत जाऊन विचारायला काहीच हरकत नाही.

आणि सापडलेली घाण आधी हटवा, क्लोरीनचं नंतर. क्लोरीनने जंतू मरतो, पण मेलेल्या जंतूचे डीएनएचे तुकडे पाण्यात राहू शकतात आणि त्यात तो रेझिस्टन्सचा जीनही असू शकतो. सांडपाणी आत येऊच न देणं हा पहिला अडसर, क्लोरीन हा दुसरा.

पायरी २ : नमुना घ्या, पण नीट घ्या

जंतूंच्या तपासणीसाठी धुतलेली बिसलेरीची बाटली चालत नाही. लॅबमधून निर्जंतुक बाटली मिळते, तिच्यात आधीच सोडियम थायोसल्फेट घातलेलं असतं, पाण्यातला क्लोरीन वाटेत जंतू मारत राहू नये म्हणून. त्यामुळे ती बाटली विसळायची नाही, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावायचं नाही, काठोकाठ भरायची नाही. नळाचा नमुना असेल तर तोटी पुसून, ज्योतीने तापवून, दोन-तीन मिनिटं पाणी वाहू देऊन मग भरायची. बर्फाच्या डब्यात ठेवून शक्यतो ६ तासांत लॅबला पोचवा, काहीही झालं तरी २४ तासांच्या आत. सकाळी घेतलेला नमुना दुपारभर गाडीच्या डिकीत तापला तर त्या रिपोर्टला काही अर्थ नाही.

नमुने एका जागचे नकोत. एक उगमाचा, एक टाकीच्या आउटलेटचा आणि एक शेवटच्या घरच्या नळाचा. तिन्हींचे निकाल शेजारी ठेवले की घाण कुठे शिरतेय ते आपोआप कळतं. उगम खराब आणि टाकी चांगली म्हणजे क्लोरीन काम करतोय. टाकी चांगली आणि शेवटचा नळ खराब म्हणजे पाइपलाइन फुटलीय.

तपासणी जिल्हा आरोग्य प्रयोगशाळेत होते, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या लॅबही आहेत. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना फील्ड टेस्ट किटचं ट्रेनिंग द्यायचं ठरलेलं आहे, ते किट तुमच्या गावात कुणाच्या कपाटात पडलंय ते शोधा. एच टू एस व्हायल, म्हणजे तपासणीची छोटी बाटली, तर अगदी सोपी, पाणी भरून ठेवायचं, २४ ते ४८ तासांत काळं झालं की शौचाचं दूषण असण्याची शक्यता समजायची आणि लगेच लॅबला नमुना पाठवायचा.

रिपोर्टमध्ये काय बघायचं? भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे १०० मिली पाण्यात ई. कोलाय अजिबात सापडता कामा नये. थोडासा आहे, चालतंय, असं काही नसतं. साध्या रिपोर्टमध्ये रेझिस्टन्सचा उल्लेख नसतो, पण ई. कोलाय आहे म्हणजे शौच मिसळलंय, आणि आज आपल्याकडे माणसांच्या आणि जनावरांच्या आतड्यात रेझिस्टंट जंतू इतके पसरलेत की ई. कोलाय सापडला तर त्यातले काही रेझिस्टंट असणारच असं धरून चाला.

तरीही खास तपासणी हवी असेल, म्हणजे विहीर दवाखान्याच्या, पोल्ट्रीच्या किंवा औषध कारखान्याच्या उताराला आहे, तर जवळच्या मेडिकल कॉलेजच्या किंवा सायन्स कॉलेजच्या मायक्रोबायोलॉजी विभागाला लेखी पत्र द्या. त्यांना सांगायचं की पाण्यातला ई. कोलाय सेफोटॅक्झिम घातलेल्या माध्यमावर वाढतो का ते बघा, म्हणजे ईएसबीएल (सेफोटॅक्झिमसारखी औषधं तोडणारं एंझाइम) आहे का ते कळेल. जागतिक आरोग्य संघटनेची ट्रायसायकल नावाची पद्धत याच धर्तीवर आहे. यूट्यूब बघून घरी असे जंतू वाढवायच्या भानगडीत मात्र कुणी पडू नका.

पायरी ३ : टीसीएल, इथेच सगळं अडतं

टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. ती ताजी असते तेव्हा तिच्यात ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. मग ती पोती ग्रामपंचायतीच्या ओलसर खोलीत अर्धी उघडी पडून राहतात, आणि क्लोरीन उडून जातो. हिशोब करून बघा, १००० लिटरला ५ ग्रॅम हा नेहमीचा डोस, ३३ टक्केवाली पावडर असेल तर लिटरमागे १.६५ मिलिग्रॅम क्लोरीन पडतो, तीच पावडर १५ टक्क्यांवर आली असेल तर फक्त ०.७५. रजिस्टरमध्ये डोस बरोबर लिहिलेला असतो, जलसुरक्षकाने काम इमानदारीने केलेलं असतं आणि पाण्यात क्लोरीन नसतोच! अपुरा क्लोरीन धोक्याचाच, सगळे जंतू मरत नाहीत आणि जे चिवट तेच मागे राहतात. म्हणून पावडरचाही नमुना लॅबला पाठवा, २० टक्क्यांच्या खाली असेल तर वापरू नका, आणि वर्षाचा साठा एकदम न घेता थोडी थोडी घ्या, हवाबंद प्लास्टिक डब्यात, अंधाऱ्या कोरड्या जागी ठेवा.

विहिरीत पाणी किती ते असं काढा : व्यास मीटरमध्ये मोजा, त्याला त्यानेच गुणा, मग पाण्याच्या खोलीने गुणा, मग ७८५ ने गुणा, लिटर मिळतात. ४ मीटर व्यासाची विहीर आणि ३ मीटर पाणी म्हणजे ४ गुणिले ४ गुणिले ३ गुणिले ७८५, साधारण ३७,७०० लिटर, आणि डोस साधारण १९० ग्रॅम. पाण्याची पातळी उन्हाळा-पावसाळ्यात बदलते तसा डोसही बदलायला पाहिजे, बारा महिने एकच चमचा चालत नाही.

आता टाकायची कशी. पावडर सरळ विहिरीत भिरकावून द्यायची नाही, ती वर तरंगते, चुन्याचा गाळ तळाशी बसतो आणि क्लोरीन नीट मिसळतच नाही. प्लास्टिकची बादली घ्या, लोखंडी नको, एका बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त पावडर नको. मोकळ्या हवेत वाऱ्याकडे पाठ करून उभं राहा, नाकाला रुमाल, हातात मोजे. थोडं पाणी घालून पातळ पेस्ट करा, गुठळ्या मोडा, मग पाऊण बादली पाणी भरून काठीने ढवळा आणि पाच-दहा मिनिटं तशीच ठेवा. पांढरा चुना खाली बसतो आणि वर पाणी राहतं, क्लोरीन त्या वरच्या पाण्यात आहे. ते दुसऱ्या बादलीत अलगद ओतून घ्या, चुना विहिरीपासून लांब टाका. दुसरी बादली दोराने विहिरीत पाण्याखाली सोडून वरखाली, चहूकडे हलवा, म्हणजे क्लोरीन सगळीकडे जातो. त्यानंतर एक तास कुणी पाणी भरायचं नाही. टाकीत टाकत असाल तरी तेच, टाकी भरली, क्लोरीन पडला, किमान अर्धा तास थांबा आणि मगच व्हॉल्व्ह सोडा. व्हॉल्व्ह सोडून मग डोस टाकला तर पहिल्या आळीला बिनक्लोरीनचं पाणी जातं.

पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळू द्या, गढूळपणा क्लोरीन खाऊन टाकतो आणि मातीच्या कणाआड जंतू लपून राहतात.

पायरी ४ : ओटी टेस्ट शेवटच्या नळावर

ओटी टेस्ट म्हणजे ऑर्थोटोलिडिन या रसायनाचे थेंब टाकून पाण्यात क्लोरीन किती उरलाय ते बघणं. ती टाकीखाली करून रजिस्टर भरणं सोपं असतं, पण त्याला अर्थ नाही. गावातलं सगळ्यात लांबचं, पाइपाच्या टोकाचं घर पकडा. तिथे लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन यायला हवा, पावसाळ्यात किंवा साथ असताना ०.५. ओटीचे थेंब टाकल्यावर लगेच, दहा सेकंदांच्या आत जो पिवळा रंग दिसतो तो मोकळ्या क्लोरीनचा, तोच आपल्या कामाचा. पंधरा मिनिटांनी रंग गडद झाला तर त्यात दुसऱ्या पदार्थांशी जोडला गेलेला क्लोरीनही आलेला असतो, त्याची जंतू मारायची ताकद कमी. म्हणून नळी हातात धरून गप्पा मारत नंतर वाचू नका. टेस्ट केलेलं पाणी प्यायचं नाही, ओटीचं रसायन विषारी आहे, हात धुवा आणि बाटली पोरांच्या हाती लागू देऊ नका.

टाकीशी क्लोरीन आहे आणि टोकाला नाही, तर व्हॉल्व्हचे चेंबर उघडून बघा. आपल्याकडे पाणी दिवसातून तासभर नाहीतर दिवसाआड येतं, बाकी वेळ पाइप रिकामा, आणि चेंबर बहुतेक ठिकाणी गटाराशेजारीच, त्यात काळं पाणी साचलेलं आणि त्यात बुडालेला गळका जोड. पाणी बंद झालं की पाइपात पोकळी होते आणि तो जोड बाहेरचं काळं पाणी आत ओढून घेतो, दुसऱ्या दिवशी पहिल्या दहा मिनिटांत ते कुणाच्या तरी हंड्यात जातं. नळाला थेट मोटर लावणारे तर ही ओढ आणखी वाढवतात आणि त्रास सगळ्या आळीला होतो, त्यांना समजावून, नाही ऐकलं तर ग्रामसभेत ठराव करून ते बंद पाडायलाच पाहिजे. तोटी नसलेले, गटारात लोंबणारे नळही तसेच.

पायरी ५ : घरात

हातपंपाचं पाणी असेल, टँकर आला असेल किंवा गावच्या क्लोरीनवर भरवसा नसेल तर घरी उपाय करा. खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट पुरे, वीस मिनिटं गॅस जाळायची गरज नाही. पण उकळलेल्या पाण्यात पुढच्या घाणीपासून वाचवणारं काही उरत नाही, हात बुडाला की परत तेच. म्हणून झाकण, ओगराळं नाहीतर तोटीचं भांडं. मेडिक्लोर किंवा क्लोरीनची गोळी वापरत असाल तर पाकिटावरचा डोस, ढवळून अर्धा तास थांबा, आणि थोडासा वास आला म्हणून ओतून देऊ नका.

टीडीएस मीटर जंतू मोजत नाही, त्याने फक्त क्षार कळतात. विकणारा माणूस आकडा दाखवून पाणी शुद्ध आहे म्हणतो तेव्हा जंतूबद्दल त्याने काहीच सांगितलेलं नसतं. आरओमधून निघालेल्या पाण्यात क्लोरीन उरत नाही, मग जार किंवा टाकी नीट धुतली नसेल तर आतल्या बुळबुळीत थरात जंतू मजेत वाढतात. गावातल्या पाण्याच्या एटीएमचं आणि जारचं पाणीही व्हायलमध्ये घालून बघा.

पायरी ६ : कुणी आजारी पडलं तर

साध्या पाणीदार जुलाबाला बहुतेक वेळा अँटिबायोटिक लागतच नाही. ओआरएस लगेच सुरू करा, लहान मुलांना सोबत झिंक १४ दिवस, सहा महिन्यांच्या आत रोज १० मिलिग्रॅम आणि त्यापुढे २०. शौचातून रक्त पडलं, मूल मलूल झालं, लघवी कमी झाली, ताप उतरेना, तर दवाखाना. मेडिकलवाल्याकडून दोन गोळ्या आणून बघू, हे नको.

टायफॉइडचा संशय असेल तर अँटिबायोटिक सुरू व्हायच्या आधी ब्लड कल्चर (रक्तातला जंतू लॅबमध्ये वाढवून बघणं) करता येईल का हे डॉक्टरांना विचारा. नुसत्या विडाल टेस्टवर भिस्त ठेवणं बरोबर नाही, ती चुकीची पॉझिटिव्ह येते, आणि कल्चरमधून कुठलं औषध लागू पडेल तेही कळतं. टायफॉइडची कॉंज्युगेट लसही आहे, नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये ती मुलांना मोहीम काढून दिली होती, आपल्या मुलांसाठी डॉक्टरांशी बोला.

एकाच आळीत दोन-तीन घरांत जुलाब लागले तर त्याच दिवशी आशाताईंना सांगा आणि त्या आळीच्या नळाचा नमुना घ्या.

पायरी ७ : जंतू तयारच होऊ नयेत म्हणून

तेलंगणातल्या हैदराबादजवळच्या पाटणचेरूत, जिथे औषध कंपन्यांचं सांडपाणी एकत्र प्रक्रिया होतं, तिथल्या बाहेर पडणाऱ्या पाण्यात २००७ मध्ये छापलेल्या अभ्यासात लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लोक्सासिन सापडलं होतं, त्या भागातल्या विहिरींतही नंतर औषधं मिळाली. तो प्रश्न सरकारने आणि कंपन्यांनी सोडवायचा, पण गावातला भाग आपल्या हातात आहे. गाईला कासदाह झाला की आपल्या मनाने ट्यूब आणि इंजेक्शनं देऊ नका, पशुवैद्याला बोलवा, आणि औषध चालू असताना आणि त्याने सांगितलेल्या दिवसांपर्यंत ते दूध डेअरीलाही नाही आणि वासरालाही नाही. कोलिस्टिन हे औषध जनावरं, कोंबड्या, मासे यांच्यासाठी वापरायला आणि खाद्यात मिसळायला २०१९ पासून देशात बंदी आहे, पोल्ट्री करणाऱ्यांनी खाद्याच्या पोत्यावरचं लेबल वाचा. कोंबडीखत ताजं शेतात, त्यातही विहिरीजवळ, टाकू नका, नीट कुजवून मग वापरा. आणि लाल रेघ असलेल्या पाकिटातल्या गोळ्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका, उरलेल्या गटारात किंवा संडासात टाकू नका.

पायरी ८ : ग्रामसभेत

पैसे नाहीत हे उत्तर लगेच मान्य करू नका. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित होता, तो कुठे खर्च झाला ते विचारा. मागण्या लेखी द्या आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या : टीसीएलचा लॅब रिपोर्ट, मागच्या पावसाळ्याआधीचा आणि नंतरचा पाण्याचा रिपोर्ट, रोजच्या ओटी टेस्टची नोंद ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आणि तीही शेवटच्या नळाची, विहिरीचा कठडा आणि ओटा दुरुस्तीची तारीख, गटारातल्या जोडांची यादी. जलसुरक्षकाला वेळेवर मानधन मिळतंय का हेही विचारा, कारण हे सगळं काम शेवटी त्या एका माणसावर आहे.

दुरुस्ती झाली की लगेच एक नमुना आणि पुढच्या मोठ्या पावसानंतर दुसरा पाठवा. दोन्हींत ई. कोलाय निघाला नाही तरच ती दुरुस्ती झाली असं धरा, आणि तोपर्यंत त्या आळीला पाणी उकळून प्यायला सांगा.